तीनशे चार पानांत जग : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, अंबाजोगाई

प्रकाशकांशी फोनवर पक्कं झालं. सामान्य वाचकासाठी जगाचा इतिहास, एका खंडात, किंमत चारशेच्या आत. किंमत ठरली की पानं आपोआप ठरतात. छपाई सोळा पानांच्या फॉर्मात होते, त्यामुळे तीनशे नाही, ३०४. एकोणीस फॉर्म. शीर्षकाची पानं, अनुक्रम, नकाशे, सूची वजा जाता मजकुराला २७०च्या आसपास उरतील.

आमच्या गावात दासोपंतांनी गीतेवर सव्वा लाख ओव्या लिहिल्या असं सांगतात. वर चाळीस फुटी पासोडीही लिहून भरली. इथं बसून थोडक्यात लिहायला घेणं म्हणजे गावच्या रीतीविरुद्धच जाणं आहे.

१३ जून

पानांची वाटणी करायला बसलो. आपल्या जातीचा माणूस किमान तीन लाख वर्षांचा. मोरोक्कोत जेबेल इरहूदला सापडलेल्या हाडांवरून हे धरतात. सरळ भागाकार केला तर पानाला अकराशे वर्षं पडतात. आजच्या इराकमधल्या उरुकच्या मातीच्या पाट्यांवर लिखाण सुरू झालं इसवी सनापूर्वी ३२००च्या सुमारास. म्हणजे लिहून ठेवलेला सगळा इतिहास पाच पानांत आटोपतो आणि निजामाची २२४ वर्षं (१७२४ ते १९४८) पानाच्या पाचव्या हिश्श्यात. असं पुस्तक चारशेला कुणी घेणार नाही.

उलट टोक सगळ्यांच्या सवयीचं. आधीचं पळत पळत, आणि १५०० आलं की मुक्काम. कागदपत्रं जास्त म्हणून पानं जास्त. पण मागं कागद ठेवून गेला नाही म्हणून माणूस हलका होत नाही.

तिसरा हिशेब पटला. आजवर जगात जन्मलेल्या माणसांचा एक अंदाज आहे, सुमारे ११७ अब्ज. त्यातली जवळपास निम्मी इसवी सन सुरू होण्याआधीच जन्मून, राबून, मरून गेलेली. तेव्हा ९० पानं इसवी सन ५०० पर्यंत, ८० पुढच्या हजार वर्षांना, १०० पानं १५०० पासून आजपर्यंत. टेबलासमोरच्या भिंतीवर कागद चिकटवला. एका खान्यात पान वाढलं तर दुसऱ्यातून निघालं पाहिजे.

२० जून

पुतण्याच्या अभ्यासिकेत दोन नमुना प्रकरणं वाचायला ठेवली. तिथली पोरं एमपीएससीवाली. हातात हायलायटर, सन दिसला की पिवळा. एकानं विचारलं, “सर, यातलं काय येतं परीक्षेला?” काहीच नाही, म्हणालो. त्यानं हायलायटरला टोपण लावलं.

माझा खरा वाचक शेजारचे मामा. एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यापासून पेपर जाहिरातींसकट वाचतात. मंगोलांवरची पानं वाचून त्यांनी एकच विचारलं, “एवढा मुलूख घेतला, मग थांबले कशापायी?”

प्रकरण आता याच प्रश्नावर उभं करतोय. १२४१ मध्ये ओगताई खान मेला आणि पुढच्याच वर्षी हंगेरीपर्यंत गेलेली फौज माघारी वळली. वारसाच्या भांडणासाठी वळली की चाऱ्यासाठी, यावर अजून वाद आहे. एकेका स्वारामागे चार-पाच घोडी, आणि हंगेरीचं माळरान मंगोलियाच्या मानानं चिंचोळं. मामांना चाऱ्याचं कारण लगेच पटलं. दुष्काळात छावणी पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. १२६० मध्ये पॅलेस्टाइनमध्ये ऐन जालूतला इजिप्तच्या मामलुकांनी त्यांना हरवलं. हे मामलुक मुळात त्याच गवताळ मुलखातून विकत आणलेले गुलाम. घोडा तोच, धनुष्यही तेच. आणि १२९९ व १३०३ मध्ये मंगोल दिल्लीच्या दारात आले तेव्हा समोर अलाउद्दीन खिलजी होता. तीनच वर्षं आधी, १२९६ मध्ये, त्यानं आपल्या देवगिरीवर धाड घातली होती आणि त्या लुटीच्या जोरावर काकाला मारून तख्त मिळवलं होतं. यादवांचं सोनं, त्यातून दिल्लीचं तख्त, तख्ताच्या पदरी फौज. पुस्तकात देवगिरी एवढीच येणार, पण जिथं यायला हवी तिथं येणार.

३ जुलै

तेरला जाऊन आलो, कळंबमार्गे. पाऊस नाही, ऊन नाही, एसटीत खिडकी मिळाली.

लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती बाहुलीपुढं बराच वेळ उभा होतो. हातभरही नाही. कमरेला मेखला, हातापायांत दागिने गच्च. १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात अशाच धाटणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ चा, म्हणजे त्याआधीच ती तिथल्या घरात पोचलेली होती. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती तेरला आणि जालन्याकडं भोकरदनला सापडल्या आहेत.

रोमला दहा पानं दिली आहेत. सीझर, ऑगस्टस, नीरो असं ओळीनं लावलं तर दहा पानांत नुसती नावं. म्हणून रोममध्ये शिरायचं ते तेरच्या बाजूनं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, ज्याचा लेखक इजिप्तकडचा कुणी निनावी व्यापारी असावा, पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, या दोन्ही पेठा आहेत. भरूचहून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीक, तेरहून कापड, सगळं गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरूचला. तिथून तांबड्या समुद्रात, मग उंटांवरून नाईल, नाईलमधून अलेक्झांड्रिया. रोमी सरकार पूर्वेकडच्या या मालावर पंचवीस टक्के जकात घ्यायचं. रोमी लेखक प्लिनी मोठं रडगाणं गातो की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

जकात, गाडीवाट, पावसाळी वारा. एवढ्यावर रोमचं राज्य कसं चालायचं ते सांगता येतं. जहाजं इजिप्तहून जुलैत निघायची आणि आपल्याकडून नोव्हेंबर-डिसेंबरात परतायची, वाऱ्याची दिशा उलटली की. नीरोला एक वाक्य.

१८ जुलै

सनावळ्यांचा नियम केला: एका पानावर जास्तीत जास्त तीन. चौथा सन आला तर वाक्य बदलायचं. त्याची भरपाई म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘त्याच वेळी’ नावाची चौकट.

पहिली चौकट जमली ती आठव्या शतकाची. वेरूळला कृष्णराजाच्या काळात कैलासाचा डोंगर वरून खाली कोरत आणताहेत. ७६२ मध्ये खलिफा मन्सूर बगदादची पायाभरणी करतोय. चीनमध्ये अन लुशानचं बंड ७५५ ला पेटून ७६३ ला विझतंय आणि तांग घराणं त्यातून पुन्हा कधी पूर्वीसारखं उभं राहत नाही. शंभर वर्षांनी, ८५१ च्या एका अरबी वृत्तान्तात जगातले चार थोर राजे मोजलेत: बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रोमचा म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा आणि चौथा बल्हरा. बल्हरा म्हणजे वल्लभराज, आपले राष्ट्रकूट. वेरूळला सहलीत जाऊन हत्तीसोबत फोटो काढून आलेल्या किती जणांना हे सांगितलं गेलं असेल?

दुसरी चौकट १२९०. शके १२१२, ज्ञानेश्वरीचं वर्ष. चीनमध्ये कुब्लाई खान म्हातारा झालाय, मार्को पोलो त्याच्या पदरी आहे, आणि पुढच्याच वर्षी क्रुसेडवाल्यांचं शेवटचं मोठं ठाणं, अक्का, पडणार आहे.

शके, हिजरी, फसली काहीच मजकुरात घेत नाही, सगळं इसवी सनात. फक्त प्रस्तावनेत दोन ओळी. इकडच्या घरात जुने कागद फसली सनाचे, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाचे असतात. त्यात ५९० मिळवले की काम भागतं.

६ ऑगस्ट

संभाजीनगरला डीटीपीवाल्याकडं नकाशांसाठी गेलो होतो, तिथून पुढं खुलताबादकडं. कागजीपुऱ्यात अजून हातकागद होतो. कापडाच्या चिंध्यांचा लगदा, पाण्याचं टाकं, त्यात जाळीची चौकट बुडवून आडवी उचलायची. हातानं किंचित हलवल्याशिवाय लगदा सारखा बसत नाही, आणि ते हलवणं मला दोनदा बघूनही कळलं नाही. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आलेले कारागीर इथं राहिले असं गावात सांगतात.

कागदाला चार पानं. चीनमध्ये दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, आठव्या शतकात समरकंद आणि बगदाद, मग युरोप, आणि तिथं १४५० नंतर गुटेनबर्गचे खिळे. कातड्यावर छापायची वेळ आली असती तर एका मोठ्या बायबलसाठी वासरांचा कळप लागला असता. छपाईची क्रांती म्हणून जी सांगतात तिच्यात अर्धा वाटा चिंध्यांचा आहे.

नकाशाचं काम मात्र भांडणाचं. डीटीपीवाल्याकडं एकच तयार नकाशा, मर्केटरचा, ज्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट. “सर, सगळे हाच लावतात.” लावू देत. आपला नकाशा हिंदी महासागर मधोमध ठेवून काढायचा, अटलांटिक डावीकडं, प्रशांत महासागर उजवीकडं. तो काढून देतो म्हणाला, वेगळे पैसे लागतील. लागू देत.

२४ ऑगस्ट

गुलामगिरीचं प्रकरण. सगळ्यात सावकाश लिहिलं जातंय.

इकडच्या वाचकासाठी मलिक अंबर हा तयार धागा. १५४८ च्या आसपास इथिओपियात जन्म, लहानपणीच विकला गेला, बगदादमार्गे अहमदनगरच्या निजामशाहीत आला, मालक मेल्यावर मोकळा झाला, पुढं राज्याचा कर्ताधर्ता. जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षं दमवलं. १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर; नहर बांधली. १६२६ मध्ये वारला, कबर खुलताबादला. त्याच्याच हयातीत, १६१९ मध्ये, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकी माणसांची पहिली टोळी उतरवली गेली. एकाच खंडातून निघालेले दोन रस्ते, जोडून लिहिले तर प्रकरण दणक्यात सुरू होतं.

पण सुरुवात अंबरनं करायची नाही असं ठरवलं. त्यानं केली तर वाचक म्हणणार, बघा, आपल्याकडं गुलामसुद्धा वजीर व्हायचा. होत होता, एखादा. हिंदी महासागरातून विकल्या गेलेल्या बाकीच्यांची कबर कुठं आहे? म्हणून प्रकरण जहाजाच्या तळाशी सुरू होतं. अटलांटिकवर साडेतीन शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत चढवली, १ कोटी ७ लाख पलीकडं उतरली. मधले अठरा लाख पाण्यात. साखरेसाठी, तंबाखूसाठी, पुढं कापसासाठी. हे सगळं झाल्यावर, सातव्या पानावर, अंबर येतो.

१७ सप्टेंबर

सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. तिथंच एका जुन्या सहकाऱ्यानं अडवलं. पुस्तकात हैदराबाद मुक्तिसंग्रामाला एकच परिच्छेद आहे हे त्यांना पुतण्याकडून कळलं होतं. “तू अंबाजोगाईत राहून असं लिहितोस? स्वामीजींच्या गावात?” स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतल्यावर इथं कुणी वाद घालत नाही. मीही तिथं घातला नाही.

परिच्छेद एकच राहील. प्रकरण आहे साम्राज्यं मोडण्याचं: इंडोनेशिया, भारत, घाना, अल्जीरिया, आणि १९६०, ज्या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. त्यात हैदराबादला जागा आहे ती एका वेगळ्याच गोष्टीसाठी. निजामानं आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांत नेलं होतं. सुरक्षा समिती पॅरिसला १६ सप्टेंबर १९४८ ला त्यावर बसली. फौजा १३ तारखेलाच शिरल्या होत्या आणि १७ ला निजामानं शरणागती दिली. समितीनं चष्मा पुसून कागद उघडेपर्यंत प्रकरणच उरलं नाही. नव्या जागतिक संस्थेचा वेग आणि जमिनीवरचा वेग यातलं अंतर दाखवायला याहून नेमकं उदाहरण मला कुठल्या खंडात मिळालं नाही. सहकाऱ्यांना संध्याकाळी ते वाचून दाखवलं. “बरं आहे,” म्हणाले, “पण आणखी एक परिच्छेद चालला असता.”

२० ऑक्टोबर

सोयाबीनची रास झाली. पोळ्याच्या तोंडावरच्या पावसानं बरंच काळं पडलं, उरलं ते लातूरला आडतीवर. हमीभाव ४,८९२, आडतीतला भाव त्याच्या बराच खाली. धाकटा भाऊ तणतणत घरी आला: “ब्राझीलमध्ये पिकलं तर आमचा भाव का पडावा?”

यावर मी महिनाभर लिहीत होतो, त्याला माहीत नव्हतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाला जे प्रकरण आहे त्यात सगळे शीतयुद्धापासून सुरू करतात. मी १९७२ पासून सुरू करतोय. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो जोरात होता. पेरूच्या किनाऱ्याला खालून वर येणारं थंड पाणी अडलं आणि अँचोव्ही नावाची बोटभर मासळी नाहीशी झाली. आधीची बेसुमार मासेमारी होतीच. १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांच्या वर गेलेली पकड १९७३ पर्यंत २० लाख टनांच्या आसपास आली. ही मासळी माणसं फारशी खात नव्हती. ती वाळवून, दळून कोंबड्यांना आणि डुकरांना घालत. मासळीची पेंड गेली तशी सगळ्यांनी सोयाबीनच्या पेंडीकडं धाव घेतली. भाव इतका चढला की जून १९७३ मध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच थांबवली. जपान हादरला, कारण त्याचं सोयाबीन अमेरिकेतूनच यायचं. त्यानं मग ब्राझीलमध्ये पैसा आणि तंत्र ओतलं. सेराडो नावाचं तिथलं आंबट मातीचं माळरान चुना टाकून टाकून सोयाबीनखाली आलं. आज जगात सर्वात जास्त सोयाबीन ब्राझील पिकवतो.

इकडं तेच वर्ष बहात्तरचा दुष्काळ. पावसानं आधीपासूनच ओढ दिली होती, बहात्तरला कहर झाला. त्याच उन्हाळ्यात रशियात पीक बुडालं आणि त्यांनी अमेरिकेचा गहू गुपचूप उचलला. जगाच्या बाजारात धान्य महागलं ते नेमकं आपल्याला विकत घ्यायचं तेव्हा. इथिओपियात वोलो भागात माणसं उपासमारीनं मेली आणि १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासीची गादी गेली. महाराष्ट्रात सरकारनं कामं काढली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रोजगार हमी तिथून आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

मावशीला विचारलं. तेव्हा ती विशीतली, पाझर तलावाच्या कामावर. “खडी फोडायची. हाताला चिंध्या बांधून. सुकडी मिळायची पोरांला. अन् ती मिलो.” मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. “भाकर थापायला गेलं की कडंनं फुटायची, तव्यावर उलथताना दोन तुकडे. वासच वेगळा.” मग जरा थांबून, “पर खाल्ली. मरू दिलं न्हाई तिनं.”

हे जसंच्या तसं पुस्तकात जातंय, नावाशिवाय.

एल निनोनं सगळं घडवलं असं मी लिहीत नाही. मोकळं रान, उपसलेली मासळी, सरकारांचे निर्णय, सगळं त्यात आहे. भावाला मसुदा दिला. तो म्हणाला, म्हणजे आपल्या दुष्काळाच्या वर्षीच ब्राझीलची पेरणी झाली. साधारण तसंच. भाव मात्र वाढला नाही.

१२ नोव्हेंबर

पहिलं महायुद्ध. पानं सहा. त्यातली युद्धाला अडीच, मानमोडीला, म्हणजे १९१८ च्या फ्लूच्या साथीला, साडेतीन.

संपादक म्हणतात, उलटं पाहिजे. माझं म्हणणं साधं आहे. त्या युद्धात सुमारे १३ लाख भारतीय गेले, ७४ हजारांच्या आसपास मेले. १९१८ च्या तापानं एकट्या भारतात किमान सव्वा कोटी माणसं गेली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला, त्यामुळं अंगात त्राण नसलेल्यांवरच साथ आली. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं की जनगणनेत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. जगभरातली साथीची संख्या पाच कोटींपर्यंत धरतात. युद्धाशी तिचा संबंध आहेच: सैनिकांच्या छावण्या, भरलेली जहाजं, मुंबईचं बंदर, मग रेल्वे. सेनापतींचे फोटो छापून हे दिसत नाही.

संपादकांनी ‘बघू’ म्हटलंय. बघू म्हणजे माझ्या अनुभवात होकार.

४ डिसेंबर

पुस्तक थांबवायचं कुठं? १९९१ ला थांबवलं तर सोव्हिएत संघ पडला आणि सगळं संपलं असा भास होतो. कोविडला थांबवलं तर वर्तमानपत्र होतं.

सध्या तरी २००७. त्या सुमाराला जगात शहरात राहणारे खेड्यात राहणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. पहिल्या भागात दहा-बारा हजार वर्षांपूर्वी माणूस शेताशी बांधला गेला, शेवटच्यात तो तिथून उठतोय. आमच्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात, त्यांना शहरी धरायचं की खेड्यातलं हे जनगणनेलाही धड सांगता येत नाही. तीच शेवटच्या प्रकरणाची अडचण आणि तोच त्याचा विषय.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. भावाच्या रानात सगळे. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, आंबिलाचं मडकं, बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर.

जेवताना मामांना सांगायला गेलो. ज्वारी आणि बाजरी आफ्रिकेतून, पण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच आलेल्या. गहू आणि हरभरा पश्चिम आशियातून. भज्जीतले भुईमुगाचे दाणे दक्षिण अमेरिकेचे, मिरची मेक्सिकोकडची. या दोन्ही १५०० च्या आधी इथं नव्हत्या. बांधावरचं सीताफळही तिकडचंच.

“जोंधळा बी भाईरचा?” वहिनींनी वाढता वाढता हात थांबवला. “मग आपलं हाय तरी काय?”

तूर आपली. तीळ आपला.

“तूर तर हाय,” त्या म्हणाल्या आणि भज्जीत तुरीचे सोले दाखवले.

मामांना दुसरंच पडलं होतं. मिरची आली हे ठीक, पण ज्यांच्याकडून आली त्यांचं काय झालं? बरोबर जागी बोट. मेक्सिकोच्या राजधानीत १५२० मध्ये देवी शिरल्या, पुढच्या शतकात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी बहुतेक गेले. पिकांच्या देवघेवीचं प्रकरण मी मिरचीपासून सुरू करून देवीपर्यंत आणलं होतं. आता दोन्ही पहिल्याच पानावर.

१६ जानेवारी २०२५

लावलेला मजकूर आला. चौदा पानं जास्त. वाढलं ते शेवटच्या खान्यात, १५०० नंतरचं, म्हणजे भिंतीवरच्या कागदाप्रमाणे निघायलाही तिथूनच हवं.

प्रकाशक म्हणाले, सगळीकडून थोडं थोडं काढा, कुणाला कळणार नाही. मला ते नको. प्रत्येक प्रकरणातून दोन वाक्यं काढली की कारणं जातात आणि नावं उरतात, कारण नावाला जागा कमी लागते. काढायचं ते आख्खं काढायचं.

व्हिएन्नाची परिषद गेली, तीन पानं. जर्मनीचं एकीकरण दोन ओळींवर, अडीच पानं सुटली. अंतराळस्पर्धा गेली, तीन पानं. तिच्यासाठी अभ्यासिकेतली पोरं नाराज होतील. उरली साडेपाच, आणि समोर नेपोलियन, सात पानांचा.

त्याला हैतीतून आणला. सेंट-डोमिंग, म्हणजे पुढचं हैती, ही फ्रान्सची साखरेची वसाहत. तिथं १७९१ मध्ये गुलामांनी बंड केलं. नेपोलियननं ते मोडायला १८०१ च्या अखेरीस फौज पाठवली, ती लढाईत आणि पिवळ्या तापात संपली. बेट हातचं गेल्यावर अमेरिकेतला मुलूख ठेवून उपयोग नव्हता, म्हणून १८०३ मध्ये त्यानं लुइझियाना दीड कोटी डॉलरला विकून टाकला, म्हणजे महाराष्ट्राच्या सातपट जमीन. १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सनं युद्धनौका उभ्या करून आपल्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई मागितली, १५ कोटी फ्रँक. त्या मालमत्तेत माणसंही मोजलेली होती. पुढं आकडा ९ कोटींवर आणला, तरी त्यासाठी काढलेली कर्जं फिटायला १९४७ उजाडलं.

ऑस्टरलिट्झ, मॉस्को, वॉटर्लू, सगळं मिळून एक परिच्छेद. नेपोलियन दीड पानात बसला. चौदाच्या चौदा पानं निघाली, फॉर्म एकोणीस. फाइल सोमवारी जाईल. सूचीत ‘वॉटर्लू’समोर आता एकच पान क्रमांक आहे, तो तपासायचा.